विहिरीपेक्षा गोड पाणी

"द वॉटर ऑफ अवर वेल इज स्वीटर दॅन अभिमन्स वेल," पुष्पाने वाचलं.

कुमुदने डोळे मिटले. सकाळपासून हे चौथ्यांदा. "तू विहीर चाटून पाहिलीस?"

"नाही, ताई."

"मग पाणी विहिरीपेक्षा गोड कसं? पाण्याची तुलना पाण्याशी कर. 'दॅट ऑफ' घाल मध्ये."

दहावीच्या इंग्रजीची पुष्पाची ही तिसरी खेप. ऑक्टोबरचा पेपर परवावर आला होता. पास झाली तर धुळ्याला नर्सिंग. नापास झाली तर दिवाळीनंतर शिरपूरला लग्न. तिचे वडील, वनाभाऊ, तसं सांगूनच बसले होते. पारोळ्याच्या या ओसरीवर शालिग्राम सर तिची तयारी करून घेत होते. गेल्या सोमवारी सर वारले. त्यांची लेक कुमुद जळगावहून आली, आणि दुसऱ्याच दिवशी ही पोरगी वही घेऊन पायरीवर हजर.

"सर नाहीत गं आता."

"माहीत आहे, ताई. पण पेपर आहे."

कुमुदने ओसरीवर सतरंजी अंथरली होती.

दुखवट्याला दारावर येणाऱ्या बायकांनी कोपऱ्यापासूनच गळा काढायचा आणि घरच्या लेकीने उठून त्यांच्या गळ्यात पडायचं, ही रीत. दर अर्ध्या तासाला एक घोळका. कुमुद परत येईतो पुष्पा शिकवलेलं सगळं विसरलेली असायची. त्यात बायका टेकल्या की त्यांच्याही तुलना सुरू.

"आमना नाना गयात तवय यानापेक्षा जास्त मानसे व्हतात."

"सर नींदमाच गयात. आमना आबाना हाल इचारू नका."

कोण कुणाचं मरण कुणाच्या पारड्यात टाकेल, याला धरबंध नव्हता.

सरांची थोरली बहीण भिकुबाई उंबऱ्यातून हे पाहत होती. "घरमा सुतक शे आनि तू शाळा मांडी बसनी!"

"फुई, परवा पेपर आहे."

"पेपर काय एकदाच येस?"

"हिच्यासाठी हा शेवटचा. नापास झाली तर शिरपूरला लग्न." कुमुद पुष्पाकडे वळली. "स्वतःच्या मनाने एक वाक्य कर. विहिरीला हात लावू नकोस."

पुष्पाने बराच वेळ घेतला. "सर्स व्हॉइस वॉज सॉफ्टर दॅन यू."

लाल पेन वहीवर टेकलं ते कुमुदला उचलवेना. शाईचा ठिपका पसरला.

"चूक," ती म्हणाली. "आवाजाची तुलना माझ्याशी नाही."

"दॅन युवर्स?"

"हं. आता बरोबर."

भिकुबाई दोन पावलं पुढे आली. "पोरी, शिरपूरना नवरदेव काय करस वं?"

"माहीत नाही, आक्का. मी पाहिला नाही."

तेवढ्यात कोपऱ्यावर धुळ्याच्या बायकांचा हंबरडा उठला. कुमुदने सवयीने पेन ठेवलं, पुष्पाने वही मिटली. कुमुद उठते तोच भिकुबाईने तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"बस. मना भाऊ गया, मी रडसू. तू हाई पोरले शिकाड."

डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती पायऱ्या उतरली आणि तिने असा टाहो फोडला, की समोरच्या बायका क्षणभर गप्प झाल्या.

"पुढचं वाक्य," कुमुद मोठ्याने म्हणाली.

पुष्पाने लिहिलं, वाचलं. बाहेरच्या आकांतात कुमुदला ऐकू गेलं नाही. "पुन्हा वाच."

पुन्हा वाचताना पुष्पा मध्येच थांबली, वही जवळ ओढली आणि स्वतःच एक शब्द खोडला.