मावशीला शनिवारी न्यायला येणार

सेबोमच्या घरी दोन मावश्या होत्या. एक खरी आणि एक ओट्याखालची.

ओट्याखालची म्हणजे डिशवॉशर. तिला मावशी म्हणायची टूम काही सेबोमने काढली नव्हती. बुप्योंग उपनगरातल्या त्या अठ्ठावीस मजली इमारतीत कुठलंही दार वाजवा, भांडी घासणारं यंत्र म्हणजे मावशी! पूर्वी घरोघर भांड्यांना येणाऱ्या बायकांना मावशी म्हणायचे. बायका गेल्या, यंत्रं आली, नाव तेवढं मागे राहिलं. लिफ्टमध्ये अगदी गंभीर चेहऱ्याने लोक बोलायचे, "आमची मावशी आज भाताचं शीत सोडतच नाहीये हो."

खरी मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, चुनोक. दूर दक्षिणेला, बल्ग्यो गावच्या खाडीकाठी तिने एकतीस वर्षं खानावळ चालवली. शेवटी गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा आई स्वतः जाऊन तिला घेऊन आली. "ताई, आता माझ्याकडेच राहायचं. कायमचं." मावशी दोन पिशव्या कपडे आणि एक पोतं कोमाक घेऊन आली. कोमाक म्हणजे त्या खाडीतल्या पन्हाळीदार शिंपल्या. इतक्या होत्या की तिघी दोन दिवस नुसत्या सोलून सोलून खात होत्या. आणि तिसऱ्या दिवशी ओट्याखालची मावशी बंद पडली. तळाशी पाणी साचलेलं, बटण दाबलं की नुसतं गुर्रर्र.

आता गंमत अशी की खरी मावशी घरात आल्यापासून आई आणि सेबोम यंत्राला तिच्यादेखत मावशी म्हणायच्या नाहीत. बरं दिसत नाही ना! तिच्यासमोर ते 'भांड्यांचं ते'. ती नसली की पुन्हा मावशी. हा शहाणपणा त्यांना चांगलाच महागात पडणार होता.

गुरुवारी परीक्षा संपली. पेपर इतका मस्त गेला होता की सेबोम शाळेपासून घरापर्यंत जवळजवळ नाचतच आली. घरात कुणी नव्हतं. गुरुवार म्हणजे सुक्या कचऱ्याचा दिवस, मावशी खाली बाटल्या-पुठ्ठे वेगळे करायला गेली असणार. सेबोमने बूट भिरकावले, फोन स्पीकरवर टाकला आणि एका हाताने नूडल्सचं पाकीट फोडत आईला लावला. आई चष्म्याच्या दुकानात काम करायची.

"पेपर एकदम कडक गेला! बरं, मावशीचं काय ठरलं?"

"ठरायचंय काय? म्हातारी झाली ती. किती दिवस ओढायचं असं?"

"हो ना. काम शून्य आणि नुसती घरघर."

"आणि वास येतो तो वेगळाच."

"ईऽ, वासाचं तर बोलूच नकोस."

"शनिवारी सकाळी दोन माणसं येतील, तिला उचलून घेऊन जातील. नवी पण त्याच दिवशी येतेय. ठेवते गं, गिऱ्हाईक आलंय."

सेबोमने वळून पाहिलं तर दारात खरी मावशी उभी. हातात रिकामी टोपली. दाराचं कुलूप आकडे दाबले की पिऽप करतं, पण मावशीच्या ते आकडे काही लक्षात राहत नसत. म्हणून ती खाली जाताना दाराच्या फटीत एक चप्पल अडकवून जायची. त्यामुळे पिऽप नाही की काही नाही.

"मावशी! कधी आलीस?"

"आत्ताच," मावशी म्हणाली, आणि चप्पल उचलून नीट जागेवर ठेवली.

शुक्रवारी सकाळी सेबोमला जाग आली तेव्हा मावशी सोफ्यावर ताठ बसूनच झोपली होती. आडवं झालं की ती घोरायची, बसलं की नाही. दिवाणखान्याला रोज जो कापरासारखा वास असायचा, मावशीच्या गुडघ्यांवरच्या औषधी पट्ट्यांचा, तोही नव्हता. काढलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात होत्या. आणि ओट्यावर घरातली यच्चयावत भांडी घासून पालथी घातलेली! न वापरलेलीसुद्धा.

"मावशी, पट्टी नाही लावलीस?"

"दुखतच नाही आता," मावशी म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत उठली.

सेबोमला काहीतरी खटकलं. पण शाळेची बस चुकत होती.

दुपारी ती परत आली तर त्या दोन पिशव्या दाराशी बांधून ठेवलेल्या. मावशी बाहेरचा कोट घालून त्यांच्याशेजारी बसली होती, एसटी स्टँडवर बसल्यासारखी.

"कुठे निघालीस?"

"घरी जाते. उद्या ती दोन माणसं यायची, त्यांना कशाला त्रास? मी आपली बसने जाईन. तुझ्या आईला सांग, ताई रागावून गेली नाही. आणि नवी कोण येतेय तिला म्हणावं, किमचीचा डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहे."

सेबोमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि ती खो-खो हसत सुटली. आवरेचना तिला. मग मावशीचा चेहरा दिसला आणि हसू थांबलं. मावशी कोटाचं एकच बटण लावत होती, काढत होती, परत लावत होती.

"अगं मावशी, तू नाही! मावशी म्हणजे ते! भांड्यांचं ते!"

"बरं."

"बरं काय? खरंच! सगळे त्याला मावशीच म्हणतात!"

"गोड पोर आहेस," मावशी म्हणाली. "आयत्या वेळी किती छान सुचलं तुला. पण घोरते मी. वासही येतो. खोटं काय त्यात?"

सेबोमने आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा, असा सात वेळा. शुक्रवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात कोण फोन उचलतंय? सव्वाचारची बस धरली तर मावशी रात्री बल्ग्योला पोचणार आणि पुन्हा कधी म्हणून येणार नाही. तिचा हट्ट म्हणजे आईचाच हट्ट, फक्त बारा वर्षांनी मोठा.

तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या इंटरकॉमवर गेली. तिने खालच्या वॉचमनकाकांचं बटण दाबलं.

"काका, चौदाव्या मजल्यावरून बोलतेय. आमची मावशी बिघडलीय."

मावशी दचकून उभी राहिली. काका जराही दचकले नाहीत.

"पाणी सोडत नाही का?"

"तळाशी साचतंय."

"मग आधी तिचा प्लग काढ. सिंकखाली डावीकडे छोटी चावी आहे ती बंद कर. पाणी उपस आणि जाळी काढून बघ. निम्म्या मावश्यांच्या पोटात काहीतरी अडकलेलं असतं. सहाव्या मजल्यावरच्या मावशीत परवा अख्खा चमचा निघाला."

"थँक्यू, काका!"

"हां, आणि पोरी, आत बोट घालताना सांभाळून. काच असते."

इंटरकॉम बंद झाला. मावशी हळूच पिशवीवर बसली.

"सहाव्या मजल्यावरची मावशी," ती पुटपुटली. "तिच्या पोटात चमचा."

"आता पटलं?"

"पटलं." ती थोडी हसली, पण कोट काही काढला नाही. "तरी बघ ना. घरघर करते, वास येतो, काम होत नाही, तर काढा तिला. तिलाच काढताय, मला नाही, एवढाच काय तो फरक. आज नाही तर..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. सेबोमला तरी कळलं. ती सोळा वर्षांची होती, दगड नव्हती.

"मावशी, कोट काढ."

"कशाला?"

"ओला होईल. आपण हिला दुरुस्त करतोय. हीसुद्धा कुठे जात नाही. चल!"

सेबोमने प्लग काढला, चावी फिरवली आणि खालचा ट्रे बाहेर ओढला. आतून असा भपकारा आला की दोघींनी एकदमच नाकं धरली. पाणी वाडग्याने उपसलं, उरलेलं जुन्या टॉवेलने टिपलं. जाळी फिरवून बाहेर काढली तर तिच्यावर लाल तिखटाचा आणि भाताचा चांगला बोटभर थर. मावशीने ती हातातून काढूनच घेतली.

"दे इकडे. टूथब्रश आण जुना. असं आतून बाहेर घासायचं, बाहेरून आत नाही. नाहीतर घाण भोकांत जाऊन बसते. एकतीस वर्षं मोरीच्या जाळ्या साफ केल्यात मी!"

सेबोम जवळजवळ पोटावर झोपून टॉर्च मारत होती. जाळीच्या खाली एक छोटं झाकण होतं. ते उचललं तर आत पाणी बाहेर फेकणारी इवलीशी चक्री. तिने जपून बोट लावलं. चक्री हलेना.

"अडकलंय काहीतरी. मावशी, चिमटा!"

मावशीने स्वतःचा भुवया कोरायचा चिमटा आणला. सेबोमने एकदा ओढलं, निसटलं. दुसऱ्यांदा ओढलं, टक्! चिमट्याच्या टोकाला नखाएवढा करडा तुकडा. त्याच्यावर उभ्या पन्हाळ्या.

कोमाकची शिंपली.

मावशीने तो तुकडा तळहातावर घेतला.

"माझंच काम हे. शिंपल्यांची ताटं मीच तशीच लावली होती. म्हणजे बाई धडधाकट होती आणि मी आल्यामुळे..."

"मावशी! बाई आजारी नव्हतीच. तिच्या घशात तुझ्या गावच्या जेवणातला खडा अडकला होता. काढला की झालं. त्यासाठी कुणी तिला फेकून देतं का?"

ओल्या हाताने मावशीने सेबोमचा गाल चिमटीत धरला, चांगला जोरात.

जाळी बसवली, दाराच्या रबरावरून व्हिनेगरचं फडकं फिरवलं, प्लग लावला. सेबोमने बटण दाबलं. आधी गुर्रर्र. मग सिंकच्या पाइपातून गट्‌गट्‌गट्‌ करत पाणी निघून गेलं, आणि मग आतून एका लयीत सळसळ सुरू झाली. सेबोमने अशी किंकाळी मारली की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. तिचा जीव अक्षरशः भांड्यात पडला!

तेवढ्यात आईचा फोन. "सात मिस्ड कॉल? काय झालं गं?"

"आई, उद्याच्या माणसांना नको म्हणून सांग. मावशी कुठेही जात नाहीये."

"कुठली मावशी?" पलीकडे आईचा आवाज एकदम बारीक झाला. "सेबोम... ताईने काही ऐकलं का?"

सेबोमने मावशीकडे पाहिलं. मावशी डिशवॉशरच्या दाराला कान लावून बसली होती.

"ऐकलं," सेबोम म्हणाली. "तूच बोल तिच्याशी."

आई काय बोलली ते तिला ऐकू आलं नाही. मावशी नुसती "हं" म्हणत होती. मग "रडतेस काय दुकानात, वेडे, गिऱ्हाईकं बघतील," आणि शेवटी, "येताना मुळा आण. दोन. जाड बघून."

फोन ठेवून तिने कोट खुंटीला लावला. पिशवी सोडली, औषधी पट्ट्यांचं पाकीट काढलं आणि पाय पुढे केला.

"लाव गं. कालपासून ठणकतोय मेला."

सेबोमने पट्टी गुडघ्यावर चिकटवून वरून तळहाताने दाबून धरली. घरभर पुन्हा कापराचा वास पसरला. ओट्याखाली सळसळ चालू होती.

"घरघर करते अजून थोडी," मावशी म्हणाली.

"करू दे की," सेबोम म्हणाली. "दुसरा पाय दे."