सुटलेली नळी

बॉनेटवर कान टेकवून मी इंजिनाच्या पोटातलं ओळखतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा तर फोनवर नुसती घरघर ऐकून कितवा प्लग गेलाय ते सांगितलं होतं. खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण पुढचं खरं आहे.

धाकट्या बहिणीची जुनी गाडी उभी असताना थरथरायची आणि प्रत्येक सिग्नलला बंद पडायची. मी चार लोकांसमोर निकाल दिला, "गाडी ठणठणीत आहे गं, क्लचवर तुझा पायच कच्चा आहे!" लोक खो खो हसले. तिने किल्ली खिळ्याला अडकवली आणि दोन महिने दवाखान्यातल्या नोकरीला पायी गेली.

काल तिने गाडी विकायला काढली, म्हणून मी सुरू करून पाहिली. कार्ब्युरेटरपाशी फुस्स आवाज येत होता. एक रबरी नळी सुटून लोंबत होती. उघड्या भोकावर बोट दाबलं, तर इंजिन एकदम शांत. ही थरथर सुरू व्हायच्या आधी कार्ब्युरेटर साफ करताना ती नळी मीच काढली होती, आणि परत लावायला विसरलो होतो.

"दादा, बोट काढ," मागून बहीण म्हणाली. गाडी थरथरली.

"आता ठेव."

गाडी शांत झाली.

"म्हणजे माझा पाय बरा आहे तर."

नळी बसवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग मान वर करून तिच्याकडे बघावं लागलं असतं. मी बोट तसंच दाबून उभा राहिलो.