पाय धुण्याचा प्रवेश

मांगेरे उपनगरातल्या दुकानात उभ्याउभ्याच मताइओने पेपरातलं सिनेमाचं परीक्षण वाचलं. ‘मायेचा लवलेशही नसलेला असा बाप पडद्यावर क्वचित दिसतो. मूळ नाटकापेक्षा सिनेमा कितीतरी सरस.’ वर पाच तारे. तो बाप म्हणजे मताइओच. त्याच्या मुलीने, सिनेवाने, आपल्या घरच्यांवर नाटक लिहिलं होतं आणि आता त्याचा सिनेमा झाला होता.

नाटक चर्चच्या हॉलमध्ये झालं तेव्हा तो पहिल्या रांगेत होता. पोरांना पट्ट्याने मारणारा बाप बघून त्याने मान खाली घातली. खरंच होतं ते. पण शेवटी तोच बाप आजारी बायकोचे पाय धुतो, तेव्हा हॉलमधल्या बायका हुंदके देऊन रडल्या. तेही खरंच होतं. त्याची बायको फुआतिनो जाईपर्यंत सात महिने त्याने रोज तिचे पाय धुतले होते.

सिनेमात तो प्रवेशच नव्हता.

त्याने सिनेवाला फोन लावला.

“पोरी, आईचे पाय धुतले ते कुठे गेलं?”

“दिग्दर्शक म्हणाला, त्याने सिनेमा मिळमिळीत होतो. मी खूप भांडले, पपा.”

“चर्चमध्ये माणसं माझ्याशी बोलेनाशी झालीत. तू सांग ना त्यांना!”

“कुणाकुणाला सांगू? सगळे त्या कठोरपणाचंच कौतुक करतायत.”

शनिवारी दुपारी सिनेमाचा खेळ संपल्यावर सिनेवा प्रेक्षकांशी बोलणार होती. मताइओ चर्चचा पांढरा शर्ट घालून गेला. कुणीतरी प्रश्न विचारत होतं, तेवढ्यात तो उठला.

“मी तिचे पाय धुतले होते,” तो ओरडला आणि रांगांमधल्या वाटेवर गुडघे टेकून बसला. “असे. आधी टाच. मग बोटांमधे, तिथं पाणी राहिलं की तिला झोंबायचं.”

मग टाळ्या.

“नाटकातले नट आलेत वाटतं!” सूत्रसंचालक हसला.

“नट नाहीत ते,” सिनेवाचा आवाज फाटला. “माझे पपा आहेत.”

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून विचारलं, “म्हणजे मारायचात, तेही खरं?”

“हो,” मताइओ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. पायांबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

सिनेवा मंचावरून धावत खाली आली. “उठा पपा, घरी जाऊ.”

“गुडघे धरलेत गं,” तो म्हणाला, आणि तिच्या खांद्याला लटकून रडू लागला.

पुढच्या रविवारी तो चर्चला गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.