कल्याणच्या हॉटेलचं शटर

बसा की घडीभर, कुठं पळून राह्यले! शहागडच्या कल्याणची गंमत सांगतो, पोट धरून हसताल.

कल्याणचं हायवेवर चहाचं हॉटेल. अकरा वर्षांत एकदाबी बंद न्हाई. बंदच करायचं न्हाई तर शटर कशाला? तीन भिंती अन् वर पत्रं, झालं हॉटेल. रातभर यानं ट्रकवाल्यांना चहा पाजायचा. दिवसा बायको दैवशाला भट्टीवर, अन् हा घडीभर बाकड्यावर, घडीभर खाटंवर डोळा लावणार.

याचा बाप तातेराव शुगरवाला, रोज सुई घ्यायचा. कल्याण तर सुई दिसली की भिंत धरायचा. म्हणून गड्यानं साखर कव्हाच सोडल्ती. तरी तपासणीत शुगर पार काठावर!

"डॉक्टरसाहेब, मी साखर चाखतबी न्हाई हो!"

"ते बराबर केलं. पण झोपेचं काय? रोजचं जागरण अन् तुकड्यातुकड्यानं झोप, यानंसुद्धा शुगरचा धोका वाढतो. त्यात वडलांना आहे. रात्रीचे सात तास झोपा, तीन महिन्यांनी बघू."

घरी बाप म्हणला, "ये इकडं, सुई टोचायचं शिकून घे. कामाला येईल."

कल्याणला दरदरून घाम. जल्दीनं शटर बसवून घेतलं. रात्री गाढ झोप लागावी म्हणून त्या दिवशी दैवशालानं त्याला जरासुद्धा टेकू दिलं न्हाई. रात्री दहाला शटर खाली, दोघांच्या कानात कापूस, अन् हॉटेलामागच्या खोलीत कल्याण असा घोरला म्हणता!

सकाळी सहाला शटर वर केलं तं म्होरं धा-बारा ट्रक. ड्रायव्हर लोक तोंड पाडून खाली बसलेले. संपत ड्रायव्हरनं तर ट्रकच्या तोंडावरचा झेंडूचा हार सोडून हातात धरलेला.

"कल्याण! तू जित्ता हायस?"

"मंग काय झालं मला?"

"आरं, हे हॉटेल बंद कव्हा दिसलंय का? ठोकू ठोकू हात सुजले. आमाला वाटलं, गेलास. बिनचहाचं रडून राह्यलो की इथं!"

दैवशाला पदर तोंडाला लावून हसली. "बसा भाऊ, आजचा चहा आमच्याकडून. पण दहाच्या पुढं माझ्या नवऱ्याला उठवायचं न्हाई."

तीन महिन्यांनी शुगर काठावरून जराशी माघारी सरकली. डॉक्टर म्हणले, असंच चालू ठेवा. कल्याण खुश.

पण लांबचे जुने ट्रकवाले अजून येतेत, शटर बघून घाबरतेत अन् ठोकत बसतेत. तव्हा तुम्ही रातचे तिकडून गेलात तं एवढं करा. कुणी ठोकताना दिसला तं त्याला हळूच सांगा, बाबा, कल्याण बिलकुल बरा हाय, झोपू दे त्याला.