प्रत्यक्ष पाहणी

नगरपालिकेच्या नकाशा विभागातल्या बाईंना सगळे नकाशाताईच म्हणत. शुक्रवारी सकाळपासून ताईंचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. चहा दोनदा मागवला, दोनदा निवून गेला.

चार वाजता समितीची बैठक होती. गावातली मूळची झाडंझुडपं जपण्याचा आराखडा तिथे मंजूर व्हायचा होता. नकाशावर हिरवं ते राखीव, त्याला कुणी हात लावायचा नाही. पिवळं ते पडीक, तिथे सोमवारपासून यंत्रानं खड्डे खणून बाहेरून आणलेली शोभेची झाडं लावायची. टेकडीमागचा माळ पिवळा होता. तो पिवळा केला होता ताईंनीच.

तीन वर्षांपूर्वी पाहणीला जायचं, तर ऊन मी म्हणत होतं, गाडी मिळेना, आणि उपग्रहाच्या फोटोत माळाला टक्कल पडलेलं. ताईंनी पंख्याखाली बसून 'पडीक' लिहिलं आणि खाली 'प्रत्यक्ष पाहणी केली' म्हणून सही ठोकली. उंटावरून शेळ्या हाकल्या आणि विसरूनही गेल्या.

पण आज सकाळी कचेरीत यायच्या आधीच आत्यानं हाताला धरून माळावर नेलं. आत्या शाळेत शास्त्र शिकवायची, आता माळाला लागूनच राहते. घोट्याएवढी पांढरी फुलं, पाऊल ठेवायला जागा नाही. ताई चपला हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"याचे कंद वर्षभर मातीखाली असतात गं, दहा दिवस काय ते फुलतात. उपटून दुसरीकडे लावले तर जगत नाहीत." मग आत्या अगदी भोळेपणानं म्हणाली, "तू पाहून गेली होतीस ना? कंद नाही, पण वाळलेले देठसुद्धा दिसले नाहीत?"

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत बसल्या.

"ताकाला येऊन भांडं लपवू नका. काय काम आहे?"

"टेकडीमागचा माळ हिरवा करायचाय, साहेब. फुलं आहेत तिथे."

"नवी माहिती मिळाली असं लिहा. फेरपाहणी लावू."

"त्याला सहा महिने लागतील. सोमवारी खड्डे खणतायत."

"मग एकच वाट उरते. मूळ नोंद चुकली म्हणून लिहून द्यायचं, कशी चुकली तेही. आजच बदलेल." साहेबांनी चष्मा काढला. "पण हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय? नोकरीवर बेतेल."

ताईंनी अर्ज दोनदा लिहिला, दोनदा फाडला. तीन कधी वाजले कळलं नाही. जिन्यावर उगाच वर-खाली करून आल्या. मग उभ्याउभ्याच तिसरा कागद घेतला आणि एका दमात लिहिलं, 'मी तिथे गेले नव्हते.'

समितीच्या अध्यक्षबाईंनी तो बैठकीत मोठ्यानं वाचला. मग त्यांनी नोंद दुरुस्त करून सही केली. "माळ राखीव."

ताईंना रडूच आलं. सुटले एकदाची, असं वाटलं. आत्याला फोन करायला त्या उठणार, एवढ्यात अध्यक्षबाईंनी यादीचं पान उलटलं.

"पिवळ्या जागा अजून एकवीस आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "सगळ्यांखाली तुमचीच सही आहे. यातल्या किती ठिकाणी गेला होतात?"

ताई बोटांवर मोजू लागल्या. एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली.