बर्फासाठी आगीची हाक

माझे पोट पोकळ आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. मित्रांनो, मी केंटोंगन आहे. जुना, लाकडी, एका बाजूने लांब चीर पाडलेला, सिमेगा गावच्या पहाऱ्याच्या चौकीत दोरीने टांगलेला. माझ्यावर काठी बसली की डोंगराच्या या उतारापासून त्या उतारापर्यंत सगळ्यांच्या माना वळतात. सध्या मी इतका खुशीत आहे की कुठून सुरुवात करू हेच सुचत नाही. बरे, जन्मापासूनच करतो, म्हणजे गडबडीत काही राहून जायला नको.

मी मूळचा फणस. आमच्या गावात फणस होत नाही, इथली थंडी त्याला सोसत नाही. खाली दरीत एक म्हातारे झाड उन्मळून पडले, त्याचा बुंधा विर्यो नावाच्या सुताराने वर आणवला. विर्यो बोलायला कमी आणि ऐकायला पक्का. तो पटाशीने माझ्या पोटातले लाकूड जरासे काढायचा, टिचकी मारायचा, कान लावायचा आणि मान हलवून पुन्हा जरासे काढायचा. येणारे-जाणारे त्याची टिंगल करत, की हा लाकूड कोरतोय का आजाऱ्याची छाती तपासतोय. विर्योने कोणाला उत्तर दिले नाही. एके दिवशी त्याने मला पहिला खरा ठोका दिला, आणि तलावापलीकडे कोबी काढणाऱ्या बायका काम टाकून उभ्या राहिल्या. मग त्याने पटाशी खाली ठेवली आणि चहा मागितला.

मला एकच शब्द येतो, ‘टोंग’. पण त्या एका शब्दात मी सगळा गाव हलवतो. एकेक संथ ठोका म्हणजे कोणीतरी गेले. दोन-दोन म्हणजे चोर. तीन-तीन म्हणजे आग. चार-चार म्हणजे डोंगर सुटला, मुलांना उचला आणि वर पळा. सावकाश सुरू होऊन मग घाईघाईने येणारे ठोके म्हणजे सगळ्यांनी कामाला या, वाट बांधायची आहे. आमच्या गावात मुलांना अक्षरे नंतर येत, माझे ठोके आधी येत. एका पावसाळ्यात मी चार-चार असा काही गरजलो की खालची आळी अख्खी रिकामी झाली, आणि मग डोंगराची माती त्या घरांवर आली. माणूस एकही गेला नाही. पुढे कितीतरी दिवस लोक माझ्यावर प्रेमाने हात फिरवून जात. खरे सांगतो, मला त्याची चटक लागली होती.

पुढे मशिदीवर भोंगा आला, आणि त्यानंतर ज्याच्या-त्याच्या हाती मोबाइल आले. गावाचा म्हणून मोबाइलवर एक गट झाला. चोर, आग, लग्न, हरवलेली कोंबडी, सगळे तिथे कळू लागले. मला कोणी काढून टाकले नाही, पण कोणी विचारलेही नाही. पहाऱ्याला बसणारी तरुण मंडळी माझ्यावर ओली जाकिटे वाळत घालू लागली. माझ्या चिरेत सिगारेटची रिकामी पाकिटे जमली. सूर्योदय बघायला येणाऱ्या एका पाहुणीने तर विचारले, ही टपालपेटी आहे का? मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

पण माझ्याशेजारी बसून लोक बोलत, ते मात्र मला ऐकायला मिळे. म्हणून तर विर्योच्या नातीची गोष्ट मला पहिल्यापासून माहीत आहे.

तिचे नाव विगाती. तिचा बाप तुकिरान, विर्योचा मुलगा. त्यांचे बटाट्याचे शेत चौकीच्या अगदी खाली, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले. शेणखताची पोती वाहताना दोघे दम खायला चौकीत टेकत. लागोपाठ दोन पिके तुकिरानची डोळ्यांदेखत जळाली होती, आणि जळाली ती गारठ्याने. पावसाळा सरून कोरडे दिवस आले आणि आकाश निरभ्र असले की पहाटे आमच्याकडे दव गोठते. त्या गोठलेल्या दवाला आम्ही ‘उपास’ म्हणतो. आमच्या भाषेत उपास म्हणजे विष. तुमच्या भाषेतला उपास निराळा, पण हे दव पडले की आमच्याकडे दोन्ही घडतात. पानांवर पांढरे मीठ पसरल्यासारखे दिसते, त्यावर ऊन पडते आणि दुपारपर्यंत शेत काळे पडते.

तुकिरानने आशा सोडली होती. मुलीने हाँगकाँगला घरकामाला जावे, तिथे निदान पोटाला चिमटा बसणार नाही, असे त्याने ठरवून टाकले होते. एजंटची गाडी कधी येणार तेही ठरले होते. शेत मग गुनादीला भाड्याने द्यायचे होते. गुनादी म्हणजे विगातीचा चुलतभाऊ. तो जीपमधून पाहुण्यांना डोंगरावर नेतो, आणि त्याला त्या पायऱ्यांवर तंबू ठोकायचे होते.

विगातीला जायचे नव्हते. तिने ते बापाला तोंडावर सांगितले, माझ्याच शेजारी बसून.

“बापाक, मला एक पीक द्या. एकच. उपासाने तेही नेलं, तर मी गपगुमान गाडीत बसेन.”

“आणि नाही नेलं तर?” तुकिरानने विचारले.

“तर मी इथेच राहीन, आणि तुम्ही पुन्हा हाँगकाँगचं नाव काढायचं नाही.”

तुकिरानने बराच वेळ पोत्याची दोरी उगाच सोडली आणि बांधली. मग तो म्हणाला, “तुझ्या आजोबाचं डोकं आलंय तुझ्यात. बरं.”

त्या दिवसापासून माझे दिवसच पालटले. विगाती रोज पहाटे चौकीच्या कठड्यावर पाण्याची एक पत्र्याची थाळी ठेवू लागली. पाण्यावर साय धरली, म्हणजे बर्फाची, तर उपास आला असे समजायचे. ती बोट बुडवून बघायची, पाणी हलले की हसायची आणि शेतात उतरायची. मी पण रोज त्या थाळीकडे डोळे लावून बसायचो. बटाट्याची रोपे गुडघ्याएवढी झाली, हिरवीगार. गुनादी येता-जाता चिडवायचा, की बटाट्यांना स्वेटर विणून घाल, मग काही होणार नाही. विगाती म्हणायची, लोकर तू आण.

आणि मग ती पहाट आली. गाडी यायला आठवडा उरला होता.

पूर्वेकडे नुकते फटफटत होते. विगातीने थाळीत बोट टेकवले आणि बोट वरच राहिले. थाळी उलटी केली तरी पाणी पडेना. तिने खाली पाहिले. शेत पांढरे होते. तुकिरान आधीच तिथे पोचला होता आणि पाण्याची नळी ओढत होता, पण नळी गोठून काठीसारखी ताठ झाली होती. यावर उपाय एकच असतो. ऊन यायच्या आत पानांवरचा बर्फ पाण्याने धुऊन काढायचा. पण एवढ्या शेताला दोन माणसे कशी पुरणार? तिने मोबाइल काढला. आदल्या संध्याकाळी गेलेली वीज आली नव्हती, त्यामुळे मोबाइलचा मनोरा बंद आणि मशिदीचा भोंगाही मुका. ती पळत चौकीत आली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

मित्रांनो, माझे लाकूड शहारले.

माझी काठी जागेवर नव्हती, ती कोणीतरी चुलीत घातली असावी. विगातीने कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि दांड्याची बाजू माझ्यावर उगारली. उगारली आणि थबकली. कारण बर्फाचा ठोकाच नाही. कोणी कधी ठरवलाच नव्हता. एकेक वाजवावे तर लोक स्वच्छ सारोंग नेसून, डोळे पुसत, सावकाश येतील. दोन-दोन वाजवावे तर दांडकी घेऊन येतील. चार-चार वाजवावे तर येणारच नाहीत, उलट डोंगर चढून पळत सुटतील. कामाचा ठोका द्यावा तर आधी चहा होईल, मग सोयाबीनचे तळलेले टेंपे, मग कुदळ कुठे ठेवली याचा शोध. भरलेल्या बादल्या घेऊन धावत लोक येतात ते एकाच ठोक्याला. मला ते सुचले होते, पण मी स्वतःला वाजवू शकत नाही. आणि आग नसताना आगीचा ठोका देणे हा आमच्याकडे मोठा गुन्हा. विगातीने एकदा डोंगरमाथ्याकडे पाहिले. तो उजळत होता. तिने ओठ आवळले आणि दांडा हाणला.

टोंग-टोंग-टोंग. टोंग-टोंग-टोंग.

काय सांगू! माझ्या चिरेतली सिगारेटची पाकिटे उडून बाहेर पडली. जाळी तुटली, कोळी पळाले. इतकी वर्षे मी गप्प होतो, आवाज उरला असेल की नाही याची मलाच शंका होती. तो होता. तो दरीत गेला, पलीकडच्या कड्यावर आपटला आणि परत आला.

दारे धाडधाड उघडली. बादल्या, घागरी, पातेली, लहान मुलाचा आंघोळीचा टब, जे हाताला लागले त्यात पाणी भरून माणसे धावत सुटली. कोणाच्या अंगावर दोन सारोंग, तर कोणाच्या पायात दोन पायांना दोन निरनिराळ्या चपला. गुनादीचे पाहुणेसुद्धा ब्लँकेटे गुंडाळून, हातात चहाची किटली घेऊन आले. गावप्रमुख मार्दियो सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी विचारले, आग कुठे आहे?

“आग नाही,” विगाती धापा टाकत म्हणाली. “उपास पडलाय. ओता.”

लोकांनी शेताकडे पाहिले, हातातल्या बादल्यांकडे पाहिले. मग एकच गिल्ला झाला. गुनादी म्हणाला, “हिला थंडी वाजली की ही आग म्हणते. उद्या भूक लागली की चोर म्हणेल.” काही जण हसले, पण बरेच जण चिडले होते. एक जण तर पाठ फिरवून घराकडे निघालाही. विगातीच्या डोळ्यांत पाणी आले. मी दोरीला लोंबकळत होतो आणि मला काहीच करता येत नव्हते.

तेवढ्यात म्बाह कार्सी पुढे आली. गावातले सगळे तिला म्बाह, म्हणजे आजी म्हणतात. तिच्या वयाला मान देऊन मार्दियोसुद्धा तिच्यासमोर वाकून उभे राहतात. तिच्या कमरेवर घागर होती.

“भरलेली घागर मी पुन्हा घरी नेणार नाही,” ती म्हणाली. “कंबर माझी आहे.”

आणि तिने ती पहिल्या सरीवर ओतली. पानांवरचा पांढरा थर गळून पडला, खाली हिरवे पान दिसले. मग ज्याला त्याला आपली बादली जड वाटू लागली. दुसऱ्याने ओतली, तिसऱ्याने ओतली. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आले की आपलेही शेत याच उतारावर आहे आणि तेही पांढरे झाले आहे. मग काय विचारता! तलावापासून शेतांपर्यंत माणसांची रांग लागली. बादल्या हातोहात फिरू लागल्या. एक पाहुणा बर्फाचा फोटो काढत होता, त्याच्या गळ्यातला कॅमेरा बाजूला सारून कोणीतरी त्याच्या हातात बादली दिली. गुनादी जीप घेऊन गेला आणि पाण्याची पिंपे भरून आला. त्याचे दात वाजत होते, तरी तो चिडवायचे थांबला नाही. ऊन माथ्यावरून उतरायला लागले आणि माणसे उन्हाशी शर्यत लावल्यासारखी धावू लागली.

विगातीच्या शेताच्या सगळ्यात खालच्या पायऱ्या हाती लागल्या नाहीत. त्या काळ्या पडल्या. बाकीचे शेत निथळत होते आणि हिरवे होते.

मग सगळे भिजलेले, कुडकुडणारे लोक चौकीपाशी शेकोटी करून बसले. चहा झाला, आणि मार्दियोंनी घसा साफ केला. त्यांना ते बोलणे जड जात होते, पण नियम तो नियम. जो खोटा ठोका देईल त्याने साऱ्या गावाला जेवू घालायचे. विगातीने मान खाली घालून कबूल केले. तुकिरान काळ्या पायऱ्यांकडे बघत होता. तो हळू आवाजात म्हणाला की थोडे तरी उपासाने नेलेच, आता पोरीने जावे हेच बरे. गाडी येण्याआधी जेवण घालून टाकू, तांदूळ मी आणतो.

“तांदूळ?” म्बाह कार्सीने चहाचा पेला खाली ठेवला. “दुकानचे तांदूळ मी नाही खाणार. ज्या बटाट्यांसाठी मला झोपेतून उठवलं, तेच बटाटे मला हवेत. आणि रांधायचे तिनेच.”

“म्बाह, ते निघायला अजून दोन महिने आहेत,” मार्दियो म्हणाले.

“मला कुठे जायचंय?” म्हातारी म्हणाली. “आणि दंड फिटेपर्यंत तिलाही कुठे जायचंय?”

एकेकाला ते उमगत गेले, आणि असा हशा उठला की शेकोटीच्या ठिणग्या उडाल्या. गुनादी म्हणाला की गावाचा निकाल आहे, आपण कोण मोडणारे, तंबू दुसरीकडे ठोकू. विगाती हसत होती आणि रडतही होती. त्याच बैठकीत बर्फाचा ठोकाही ठरला. तीन ठोके आगीचे आणि मागून एक लांब. मुले दिवसभर तो माझ्यावर वाजवून बघत होती, आणि पहिल्यांदाच कोणी त्यांना रागावले नाही.

मित्रांनो, नव्या वस्तूंवर माझा राग नाही. मोबाइल हुशार आहे, भोंग्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. पण तुमच्या घरात, गावात एखादी जुनी वस्तू निमूट टांगलेली असेल, तर तिच्यात कचरा कोंबू नका. अधूनमधून तिला वाजवून बघा, पुसून ठेवा. तिची भाषा निदान एकाला तरी येत असू द्या, म्हणजे गरजेच्या वेळी तिला बोलता येईल.

मागच्या आठवड्यात ती गाडी आली. चौकीखाली थांबून तिने भोंगा वाजवला. विगाती शेतात रोपांना मातीची भर देत होती. तिने मान वर केली नाही. तुकिरान हात पुसत गाडीपाशी गेला. चालकाने विचारले, मुलगी कुठे आहे?

“तिला नाही जमायचं,” तुकिरान म्हणाला. मी त्याला इतक्या ताठ मानेने बोलताना कधी ऐकले नव्हते. “माझी मुलगी गावाचा दंड भरतेय.”