कापलेली वायर

"हाई चावी ठी ले, पितांबरभाऊ," गोवाल म्हणाला आणि माझ्या टेबलावर त्यानं चावी ठेवली. "गाडी इकी टाक. तुले गिऱ्हाईक भेटी जाई."

मी हातातल्या स्टार्टरकडे उगाच बघत राहिलो. "आन् तू काय करशी?"

"ऊसतोडीले जास. मुकादम बलाई ऱ्हायना." तो स्टुलावर टेकला. "आते स्टेअरिंगले हात लावानी हिंमत नही व्हत, भाऊ. चूक मन्हीच शे. त्या दिन मी पेयेल व्हतू."

त्यानं सरळ सगळं स्वतःवर घेतलं. चूक त्याची नव्हतीच. चूक माझी होती, आणि हे सगळ्या विसरवाडीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

विसरवाडीत हायवेला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. वायरिंगमध्ये माझा हात धरणारा कुणी नाही असं लोक म्हणतात, आणि मीही कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आले, तेही मी असेच उघडून, जोडून, चटके खाऊन शिकलो. शिकलो म्हणजे काय, निम्मंअर्धं शिकलो आणि पूर्ण शिकल्यासारखं बोलत सुटलो.

गोवाल वरच्या पाड्यावरचा. पाडा ते विसरवाडीचा बाजार अशी त्याची नऊ सीटची डिझेल गाडी चालायची. जूनमध्ये तिचं इंजिन जाम झालं. बदली टाकायला वापरलेलं इंजिन बघायला त्याच्याबरोबर सुरतेच्या भंगारात मी स्वतः गेलो. तेल पाहिलं, धूर पाहिला, आवाज ऐकला. इंजिन फक्कड होतं, फक्त दोन-तीन वर्षं पुढच्या मॉडेलचं. भंगारवाला म्हणाला, "भाई, कॉम्प्युटर, वायरिंग, चाबी भी ले जाओ, सब एक ही गाडी का है." मी हसलो. म्हटलं, "हमारा पुराना चलेगा." गोवालनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि तिथंच विषय संपला.

चाललं नाही. सेन्सरचे प्लगच जुळेनात. मी ते कापून तारा जोडल्या. गाडी चालू झाली, पण चढ आला की दम टाकायची, आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. त्या जुन्या कॉम्प्युटरला नव्या इंजिनचं डिझेलचं प्रेशर कळेना, म्हणून तो घाबरून इंजिनाचा गळा आवळायचा. सुरतेला फोन केला, तर त्या इंजिनाचा कॉम्प्युटर केव्हाच विकला गेला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं, बाबा रे, माझं चुकलं. पण मी आख्ख्या स्टँडवर बढाया मारून बसलो होतो. दोन मॉडेलचं लग्न लावून दाखवतो म्हटलं होतं, मेल्यानं! मग मी प्रेशर सेन्सरच्या वायरीत एक छोटा रेझिस्टर टाकला आणि कॉम्प्युटरला खोटं प्रेशर दाखवून गंडवलं. गाडी पळायला लागली. दिवा मात्र काही केल्या विझेना, तेव्हा त्या दिव्याची वायरच कापली आणि वर काळी टेप गुंडाळली.

त्यानंतर नवव्या दिवशी पाड्यावर वाघदेवाची पूजा होती. घरचा कर्ता म्हणून गोवालनं मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली आणि पळसाच्या पानातून एक घोट घेतला. तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर देवाचा मान मोडतो. दुपारी पाहुण्यांना सोडायला तो निघाला आणि घाटात, ऐन चढावर, खोट्या प्रेशरवर चाललेलं ते इंजिन बंद पडलं. इंजिन मेलं की अशा गाडीचा ब्रेक दोन दाबांत दगडासारखा कडक होतो, धड लागत नाही. गाडी मागे घसरली आणि डोंगराकडच्या नालीत कलंडली. बाकीचे खरचटण्यावर सुटले. पाहुण्यांना पोचवायला सोबत आलेल्या गजराबाईचा उजवा हात दाराखाली आला. हाड जुळलं, पण कोपर काही सरळ झालं नाही.

गजराबाई गोवालची फुई, सख्खी आत्या. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. नालीतून बाहेर काढताना लोकांना त्याच्या तोंडाला दारूचा वास आला. पुढं काय झालं ते वेगळं सांगायला नको. फुईनं त्याला अंगणात पाय ठेवायची बंदी केली. पाड्याचे पोलीस पाटील हिंमतराव माझ्याकडे आले. त्यांनी विचारलं, "मिस्तरी, गाडीमा काही दोष व्हता का?"

मी म्हणालो, "गाडी टकाटक व्हती."

त्या रात्रीपासून मी धड झोपलेलो नाही. बायकोला सांगितलं ॲसिडिटी झाली. नालीतून ओढून आणलेली गाडी दुकानामागं उभी होती, आणि त्या बाजूला लघवीला जायचंसुद्धा मी टाळत होतो.

आणि आता हा समोर बसून मुकादमाचं नाव घेत होता.

"गोवाल," मी म्हणालो. "गाडी तुन्हा पेवामुळे नही पडनी. मी सेन्सरमा खोट करेल व्हती. दिवानी वायर बी मीच कापी."

मग एकदा तोंड उघडलं तसं सगळंच बाहेर आलं. सुरतेपासून पाटलांपर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "चावी फिरावतास सगळा दिवा एकदाव लागतंस आन् विझतंस. तो पिवळा पहिला दिनपासून लागेच नही. मी देखेल व्हतं."

"मंग बोलना का नही, भाऊ?"

"तू करेल काम. मी तुले काय इचारू?"

त्यानं माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. तो हाताचा तळवा खरवडत बसला. "तीन महिना व्हयनात, त्या घोटले शिव्या दी ऱ्हायनू. देवले धार सोडानं बी बंद करी दिधं मी." मग उठला. "माले सांगीसन काय करतंस? फुईले सांग."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मोटारसायकल काढली. तो मागं बसला. घाटात ती नाली आली तेव्हा मी मोटारसायकल हळू केली. पाड्यावर तो आपल्या घरापाशी उतरला. दारात फुलीबाई, त्याची बायको, उभी होती. तिनं मला "या, भाऊ" म्हटलं. माझ्याच्यानं तिच्याकडे बघवलं नाही.

फुईचं घर उताराच्या पलीकडे होतं. ती अंगणात मक्याचे दाणे काढत होती. कणीस गुडघ्यात दाबून डाव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक ओळ सोडवत होती. मी समोर जमिनीवर बसलो.

"माय, मी इसरवाडीना मिस्तरी."

"जाणस."

"इंजिन एक गाडीनं आन् त्यानं डोकं दुसरी गाडीनं, असं मी बसाडेल व्हतं. ते एकमेकले वळखेत नही. इंजिन घाटमा आपोआप बंद पडनं. गोवालनी चूक नही, माय. चूक मन्ही."

तिचा अंगठा थांबला. "तो पेयेल नही व्हता?"

"एक घोट. वाघदेवना."

"एकच?"

"एकच, माय."

"आन् तुले हाई कवयपासून मालूम शे?"

"पहिला दिनपासून."

मला वाटलं आता ती ओरडेल, पाडा गोळा करील. त्याची मी तयारी करून आलो होतो, अगदी मनातल्या मनात पाया पडून झालं होतं. पण तिनं मांडीवरचे दाणे सुपात झटकले, डावा हात जमिनीला टेकून उठली, डाव्याच हातानं पदर डोक्यावर घेतला. वाकडा हात पोटाशी धरून ती उतार ओलांडून गोवालच्या घराकडे चालायला लागली. एकदाही मागं वळली नाही.

पलीकडून फुलीबाईचा आवाज आला, मग गोवालचा.

मला कुणी जा म्हणालं नव्हतं आणि थांब असंही म्हणालं नव्हतं. तिचं अर्धं सोललेलं कणीस तिथंच पडलं होतं. मी ते उचललं आणि दाणे काढायला लागलो.